धुपाटण्यातला गुग्गुळ आणि थायरॉइडची गोळी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय शिरूर आणि दौंडकडच्या श्रोत्यांनी दिलाय. प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आले, पण गाभा एकच होता : "थायरॉइडची रोजची गोळी बंद करून कांचनार गुग्गुळ चालू केला तर चालेल का? झाडपाल्याचं आहे, अपाय तर होणार नाही ना?" सोबत पीसीओडीवरचे काढे, जिमला जाणाऱ्या पोरांचे ताकदीचे डबे आणि त्या सगळ्यांवर छापलेला एक शब्द : 'हार्मोन बॅलन्स'.

उत्तर आधीच देऊन टाकतो. थायरॉइडची गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. पण आपला कार्यक्रम इतिहासाचा आहे, त्यामुळे 'का' हे इतिहासातूनच बघू. गुग्गुळाची गोष्ट त्यासाठी फार चांगली आहे. ती बनारसला सुरू होते, पुण्यात पाषाणला येते, मुंबई-नागपूरच्या रुग्णांपर्यंत जाते आणि अमेरिकेत पोचल्यावर तिला भलतंच वळण लागतं.

गुग्गुळ म्हणजे नक्की काय

गुग्गुळ आपल्याला अनोळखी नाही. धुपाटण्यात निखाऱ्यावर टाकतो तोच. कच्छ, सौराष्ट्र आणि राजस्थानच्या कोरड्या भागात वाढणारं एक काटेरी, खुरटं झाड असतं. त्याच्या सालीला चिरा दिल्या की चिकट डिंक पाझरतो आणि वाळून त्याचे खडे होतात. हा गुग्गुळ. भिमा-घोडच्या खोऱ्यात तो आला तो व्यापाऱ्यांच्या गोण्यांतून.

औषधात तो जसाच्या तसा वापरत नाहीत. त्रिफळ्याच्या काढ्यात किंवा गोमूत्रात त्याचं शोधन करतात, मग त्यात इतर द्रव्यं घालून गोळ्या वळतात. योगराज गुग्गुळ, त्रिफळा गुग्गुळ, कांचनार गुग्गुळ ही नावं आपल्या आजी-आजोबांच्याही तोंडी होती.

आता कांचनार गुग्गुळाचंच बघा. शार्ङ्गधर संहितेत तो सांगितलाय गंडमाळेवर, म्हणजे मानेला येणाऱ्या गाठींच्या माळेवर, आणि तशाच इतर गाठींवर. ग्रंथकारानं डोळ्यांना दिसणारी, हाताला लागणारी गाठ वर्णन केली. आज आपल्या हातात जो कागद असतो, त्यावर 'टीएसएच वाढलेलं' असं लिहिलेलं असतं. बऱ्याचदा गळ्याला गाठ अजिबात नसते. गळ्याशी संबंध आहे म्हणून दोन्ही आजार एकच, असं कुणीतरी मधल्या काळात जुळवून टाकलं. त्या जुन्या वैद्यांवर याचा दोष नाही. त्यांनी टीएसएचचा दावा केलाच नव्हता. करणार तरी कसा? 'हार्मोन' हा शब्दच १९०५ मध्ये लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी वापरात आणला.

आणि शब्द आला म्हणून मोजता आलं असंही नाही. रक्तात हार्मोन इतकं कमी असतं की साध्या रासायनिक तपासणीत ते सापडत नाही. १९६० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी खूण लावून ते मोजायची पद्धत बसवली. यालो यांना त्यासाठी १९७७ चं नोबेल मिळालं. म्हणजे 'अमुक वनस्पतीनं तमुक हार्मोन वाढतं' हे वाक्य खरं की खोटं, हे तपासायची सोय जेमतेम साठ-पासष्ट वर्षांची आहे. लेबलवर 'हजारो वर्षांपासून हार्मोन संतुलित ठेवणारे' असं दिसलं, तर हे लक्षात ठेवा.

बनारस, १९६६

गुग्गुळाची आधुनिक गोष्ट सुरू होते ती जी. व्ही. सत्यवती यांच्यापासून. बनारस हिंदू विद्यापीठात त्या संशोधन करत होत्या. सुश्रुत संहितेत मेदाचं वर्णन आहे : मेद वाढतो, वाहिन्यांचे मार्ग अडतात, त्यातून पुढचे आजार होतात. सत्यवतींना यात आणि रक्तातल्या चरबीनं धमन्या कडक होण्यात साम्य दिसलं. सुश्रुतानं मेदावर गुग्गुळ सांगितलाय, तर तो तपासून का बघू नये?

त्यांनी सशांवर प्रयोग केले. चरबी वाढवलेल्या सशांना गुग्गुळ दिला, तेव्हा रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरलं. १९६६ च्या त्यांच्या प्रबंधात हे आहे. याच सत्यवती पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या. मला यातली त्यांची पद्धत महत्त्वाची वाटते. ग्रंथातलं वाक्य त्यांनी पुरावा म्हणून वापरलं नाही. त्याचा प्रश्न केला आणि तो प्रयोगाला लावला.

पाषाण, १९७२

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. शिरूरहून, आपल्या भाषेत घोडनदीहून, पुणं सत्तरेक किलोमीटर. दौंडहून तर रोज कितीतरी माणसं लोकलनं कामाला जातात. त्याच पुण्यात पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, १९५० साली सुरू झालेली, जिला सगळे एनसीएल म्हणतात. तिथे सुखदेव हे मोठे रसायनशास्त्रज्ञ होते. 'आयुर्वेदिक कच्च्या औषधांचं रसायनशास्त्र' अशी एक शोधनिबंधांची मालिकाच त्यांनी सुरू केली आणि पहिलं द्रव्य घेतलं गुग्गुळ.

१९७२ मध्ये 'टेट्राहेड्रॉन' या नियतकालिकात व्ही. डी. पाटील, यू. आर. नायक आणि सुखदेव यांचा निबंध आला. गुग्गुळाच्या खड्यात असंख्य घटक असतात, त्यातली स्टेरॉइड गटातली संयुगं त्यांनी वेगळी करून त्यांची रचना सांगितली. त्यातल्या दोन जुळ्या संयुगांना नाव मिळालं गुग्गुलस्टेरॉन, एक ई आणि एक झेड.

इथे जरा थांबू, कारण 'स्टेरॉइड' म्हटलं की आपल्याला जिमच्या इंजेक्शनाची आठवण होते. रसायनशास्त्रात स्टेरॉइड म्हणजे कार्बनच्या चार कड्या एका ठरावीक पद्धतीनं जोडलेला सांगाडा, एवढंच. कोलेस्टेरॉल त्या सांगाड्यावर बनलेलं असतं. टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन, कॉर्टिसॉल हीसुद्धा. आणि गुग्गुलस्टेरॉनचा सांगाडा सगळ्यात जवळचा आहे तो प्रोजेस्टेरॉनला, म्हणजे गर्भ टिकवणाऱ्या, पाळीचं चक्र सांभाळणाऱ्या हार्मोनला. धुपाटण्यात जळणाऱ्या खड्यात आपल्या शरीरातल्या हार्मोनच्या चुलतभावासारखं संयुग आहे, हे पाषाणला कळलं.

चुलतभाऊ घरात शिरतो तेव्हा तो सगळ्या खोल्यांत फिरू शकतो. ही उपमा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मुंबई, नागपूर आणि सात केंद्रं

लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेनं गुग्गुळाचा प्रमाणित अर्क तयार केला, त्याचं नाव गुगुलिपिड. सात ठिकाणी रुग्णांवर चाचण्या झाल्या : मुंबई, बंगळूर, दिल्ली, जयपूर, लखनौ, नागपूर आणि वाराणसी. १९८९ मध्ये निष्कर्ष छापून आले. २०५ रुग्णांनी बारा आठवडे औषध घेतलं. सत्तर ते ऐंशी टक्के रुग्णांना गुण आला आणि त्यांचं कोलेस्टेरॉल सरासरी २३.६ टक्क्यांनी उतरलं. अर्क बाजारात आला, देशभर आनंद झाला. व्हायलाच हवा होता.

पण या २०५ जणांच्या चाचणीत सगळ्यांना माहीत होतं की आपण औषध घेतोय. बाजूला खोटी गोळी घेणारा गट नव्हता. औषधाची दुसऱ्या एका औषधाशी तुलना करणारी आंधळी चाचणीही झाली, पण 'काहीच न देता काय झालं असतं' हा प्रश्न तसाच शिल्लक राहिला.

याच काळात बनारसला दुसरं काम चाललं होतं. तिथल्या त्रिपाठी आणि मल्होत्रा यांच्या गटानं उंदरांना झेड-गुग्गुलस्टेरॉन दिलं, तर त्यांची थायरॉइड ग्रंथी जास्त आयोडीन ओढून घ्यायला लागली. हे १९८४ साली छापून आलं. पुढे १९९९ मध्ये इंदूरच्या पांडा आणि कर यांना प्रयोगातल्या उंदरांमध्ये टी-थ्री वाढलेलं दिसलं, टी-फोरमध्ये मात्र फारसा फरक नव्हता.

आज दुकानात 'थायरॉइडसाठी गुग्गुळ' म्हणून जे सांगतात, त्याचं शास्त्रीय मूळ बऱ्याच अंशी हे उंदरांवरचे प्रयोग आहेत. निरोगी थायरॉइड असलेल्या उंदरांवरचे. आणि ग्यानबाची मेख इथेच आहे.

बैल दमलाय, चाबूक काय करणार

थायरॉइड कमी पडण्याचं आपल्याकडचं मोठं कारण म्हणजे शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटते. जपानच्या हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये तो आजार पहिल्यांदा मांडला. ग्रंथी हळूहळू नष्ट होत जाते. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी हे ओळखते आणि 'काम कर, काम कर' म्हणून जास्त जास्त टीएसएच सोडते. रिपोर्टमध्ये टीएसएच वाढलेलं दिसतं ते याचमुळे. म्हणजे दमलेल्या बैलाला शरीर आधीच चाबूक मारतंय. तिथे बाहेरून आणखी एक चाबूक आणून काय होणार? बैलाच्या वाट्याचं काम दुसऱ्या कुणीतरी करावं लागतं.

ते काम गोळी करते. तिचाही इतिहास गमतीचा आहे. १८९१ मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज मरे यांनी एका आजारी बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती सुधारली आणि नंतर आणखी २८ वर्षं जगली. म्हणजे सुरुवात अगदी 'नैसर्गिक' होती बघा. पण प्रत्येक मेंढीच्या ग्रंथीत हार्मोन कमी-जास्त, त्यामुळे मात्रा हलायची. पुढे शुद्ध थायरॉक्सिन मायक्रोग्रॅममध्ये मोजून देता यायला लागलं. शरीर जे बनवत होतं तेच, तेवढंच, तोंडावाटे. गोळी बंद केली आणि गुग्गुळ चालू केला, तर पहिले काही आठवडे काही जाणवत नाही, कारण थायरॉक्सिन शरीरात सावकाश संपतं. माणसाला वाटतं, वा, जमलं की! मग थकवा, सूज, वजन, मंदावलेले ठोके. आणि बाई गरोदर असेल तर बाळाच्या मेंदूच्या वाढीचा प्रश्न येतो. तिथे वाट बघायला वेळ नसतो.

ह्यूस्टन आणि पेनसिल्व्हेनिया

२००२ मध्ये ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं की गुग्गुलस्टेरॉन यकृतातल्या एफएक्सआर नावाच्या ग्राहकाला अडवतं. ग्राहक म्हणजे पेशीतलं कुलूप समजा, पित्ताम्लांच्या किल्लीनं उघडणारं. हे कुलूप नसलेल्या उंदरांना गुग्गुलस्टेरॉन दिलं तर त्यांच्यात परिणाम दिसला नाही. पाषाणला सापडलेल्या संयुगाला तीस वर्षांनी त्याचं कुलूप मिळालं.

पण लगेच पुढच्या वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं माणसांवर काटेकोर चाचणी केली. १०३ जण, आठ आठवडे, काहींना गुगुलिपिड, काहींना खोटी गोळी, आणि कुणाला काय मिळतंय हे कुणालाच माहीत नाही. खोटी गोळी घेणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल पाच टक्क्यांनी उतरलं. गुगुलिपिड घेणाऱ्यांचं चार-पाच टक्क्यांनी वाढलं! शिवाय गुगुलिपिडवाल्या सहा जणांच्या अंगावर पुरळ उठलं, दुसऱ्या गटात एकाच्याही नाही.

२००५ मध्ये आणखी एक निबंध आला. गुग्गुलस्टेरॉन फक्त एफएक्सआरच्या कुलपात बसत नाही. प्रोजेस्टेरॉन, अँड्रोजेन, शरीरातलं मीठ-पाणी सांभाळणारं हार्मोन, या सगळ्यांच्या कुलपांना ते लागतं, आणि त्यातल्या काहींना तर एफएक्सआरपेक्षा सहज. आठवला का तो चुलतभाऊ, सगळ्या खोल्यांत फिरणारा?

याचा व्यवहारातला अर्थ मुंबईत त्याच्या आधीच दिसला होता. १९९४ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयातल्या औषधशास्त्रज्ञांनी निरोगी स्वयंसेवकांना रक्तदाबाची प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम ही औषधं दिली, सोबत गुगुलिपिड. फक्त एका मात्रेनं दोन्ही औषधांचं रक्तातलं प्रमाण घटलं. विचार करा, घरातले आबा रक्तदाबाची गोळी रोज नेमानं घेताहेत, आणि सुनेनं सांध्यांसाठी म्हणून प्रेमानं गुग्गुळ आणून दिलाय. गोळी चुकत नाही, तरी रक्तदाब आटोक्यात येत नाही, आणि कुणालाच कारण कळत नाही. कारण डॉक्टरनं विचारलं, "आणखी काही औषध चालू आहे का?" तर आपण म्हणतो, "नाही, काही नाही." झाडपाला आपण औषधात धरतच नाही.

दुसरी बाजूही ऐका : खाजकुयली

याचा अर्थ वनस्पती हार्मोनवर कामच करत नाहीत असा नाही. बांधावरची खाजकुयली घ्या. शेंगेची कुसं अंगाला लागली की माणूस नाचायला लागतो. तिचं बी म्हणजे कवचबीज. १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी त्या बियांतून एल-डोपा वेगळं केल्याचं प्रसिद्ध झालं. साठच्या दशकात कळलं की हेच एल-डोपा कंपवातावर चालतं. आणि १९७८ मध्ये मुंबईच्या रमा वैद्य आणि सहकाऱ्यांनी कवचबीज, एल-डोपा आणि ब्रोमोक्रिप्टिन ही तिन्ही शेजारी ठेवून वाढलेल्या प्रोलॅक्टिनवर त्यांचा परिणाम तपासला. प्रोलॅक्टिन हे माणसात वेगळं हार्मोन आहे हे सिद्ध होऊन तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती.

पुढे झंडूनं कवचबीजाची प्रमाणित पूड बनवली. ६० कंपवाताच्या रुग्णांवर बारा आठवडे ती वापरली आणि १९९५ मध्ये निकाल छापले. रुग्णांना फायदा झाला. पण फायदा का झाला? बियांत एल-डोपा आहे म्हणून. मग एल-डोपाचे तोटेही त्याच बियांत आलेच : मळमळ, रक्तदाब उतरणं, अंगाच्या नको त्या हालचाली, भास. मानसिक आजाराची औषधं घेणाऱ्याला तर ते सरळ विरुद्ध जाऊ शकतं.

'टेस्टोस्टेरॉन वाढवा' म्हणून हेच कवचबीज डब्यातून विकतात. त्यामागे लखनौचा २००९ चा अभ्यास आहे. मूल होत नसलेल्या ७५ पुरुषांना रोज पाच ग्रॅम पूड तीन महिने दिली. त्यांचं टेस्टोस्टेरॉन वाढलं, प्रोलॅक्टिन उतरलं. पण ते रुग्ण होते, त्यांची तपासणी डॉक्टर करत होते. वीस-बावीस वर्षांच्या धडधाकट पोराला त्यावरून काही वचन देता येत नाही.

मग करायचं काय

कायदा काय म्हणतो ते आधी. १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय, आक्षेपार्ह जाहिराती कायद्याच्या यादीत गलगंड, लठ्ठपणा, पाळीचे विकार, स्त्रियांचं वंध्यत्व, पुरुषांची नपुंसकता ही सगळी नावं आहेत. यावर हमखास इलाजाची जाहिरात करणं हा गुन्हा आहे. एसटी स्टँडच्या भिंतीवर, मोबाइलवर तुम्हाला काय दिसतं ते तुम्हीच पडताळा.

दुसरं, सुट्या पुड्या. सांधेदुखी, दमा, वजन वाढवणं यासाठी मिळणाऱ्या निनावी पुड्यांत डेक्सामेथासोनसारखं खरंखुरं स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार आपल्याकडच्या डॉक्टरांनी वेळोवेळी नोंदवलेत. 'दोन दिवसांत फरक पडला' असं कानावर आलं की शंका घ्या. आणि बरेच दिवस अशी पुडी घेत असाल तर एकदम बंदही करू नका. शरीराची स्वतःची कॉर्टिसॉलची निर्मिती झोपलेली असू शकते. पुडी हातात घेऊन डॉक्टरकडे जा.

तिसरं, चांगला वैद्य असेल तर तो स्वतःच विचारतो की कुठल्या गोळ्या चालू आहेत, रिपोर्ट दाखवा. त्याला सगळं सांगा आणि एमबीबीएस डॉक्टरलाही वैद्याचं औषध सांगा. दोघांपासून काही लपवलं तर नुकसान आपलंच. औषध काहीही असो, दीड-दोन महिन्यांनी टीएसएच परत मोजा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीआधी तेही सांगा, कारण बायोटिननं थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

शेवटी एक त्या झाडाबद्दल. जास्त डिंक मिळावा म्हणून खोल चिरा देतात, त्यात झाड मरतं. आज गुग्गुळाचं झाड जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेलं आहे. सत्यवतींनी, सुखदेवांनी, केईएमच्या मंडळींनी ते झाड गंभीरपणे घेतलं, म्हणजे त्याचे गुणही तपासले आणि दोषही. आपणही तेवढ्याच गंभीरपणे घेऊ या.

हा भाग घरात ज्यांच्या औषधांचा डबा भरलेला आहे, त्यांना नक्की वाचून दाखवा.